लाल रकान्यातल्या बाई

संध्याकाळी सातच्या सुमारास तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर यादी पडायची. केंद्रनिहाय, शाळानिहाय, शिक्षकनिहाय. ज्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण त्यांचा रकाना हिरवा, बाकीच्यांचा लाल. खाली ठरलेली ओळ: ‘उद्या दुपारपर्यंत शंभर टक्के करून घ्यावे.’ मी केंद्रप्रमुख होतो. माझ्याकडे अकरा शाळा आणि चौतीस शिक्षक. त्या दिवशी बत्तीस नावं हिरवी होती, दोन लाल.

पहिल्या गुरुजींना फोन लावला. त्यांच्या गावात रेंज नव्हती, रविवारी बाजाराला आल्यावर ते करणार होते. दुसरा फोन एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंना. तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “बाई, इतके दिवस झाले, अजून दुसऱ्याच घटकावर कशा?” त्या म्हणाल्या, “सर, वजाबाकीचा व्हिडिओ तीनदा बघितला. त्यात दाखवलंय तसं उद्या वर्गात करून बघते, मग पुढे जाते.”

मी काय उत्तर दिलं ते सांगताना आजही जीभ अडखळते. मी म्हणालो, “वर्गात नंतर बघा, आधी ते संपवून टाका.”

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण ती यादी डोक्यातून जात नाही. चौतीस जणांत त्या आठवड्यात खरोखर शिकत असलेल्या मला ठाऊक होत्या त्या एकट्या बाई. त्यांचाच रकाना लाल होता, आणि घाई मी त्यांनाच केली.

परिपत्रकांत या प्रशिक्षणांना ‘स्वयंगतीने पूर्ण करावयाचे’ असं म्हटलेलं असतं. त्याच परिपत्रकाच्या पुढच्या परिच्छेदात सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असते. स्वतःची गती म्हणजे कुणी तासाभरात उरकेल, कुणाला महिना लागेल, कुणी एकच भाग चार वेळा पाहील आणि कुणी माहीत असलेला भाग सोडून पुढे जाईल. मुलांच्या बाबतीत हे आम्हा लोकांना तोंडपाठ आहे. ‘प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकतं’ ही ओळ मी कितीतरी शिक्षण परिषदांत फळ्यावर लिहिली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर तर ज्ञानरचनावादाशिवाय, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचाराशिवाय, आमची एक बैठक झाली नाही. मुलाला जे मान्य केलं ते त्याच्या शिक्षकाला मात्र आपण दिलं नाही.

हे सगळं कसं घडत गेलं ते थोडं आठवून पाहू. ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षण-साहित्याचं पोर्टल ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी सुरू झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हे शिक्षकांचं राष्ट्रीय प्रशिक्षण आलं. तेव्हा ते समोरासमोर घ्यायचं प्रशिक्षण होतं आणि देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं उद्दिष्ट होतं. मग करोना आला, शाळांना कुलपं लागली, आणि ऑक्टोबर २०२० पासून निष्ठा दीक्षावर गेलं, १८ घटकांचं. पुढच्या वर्षी माध्यमिक शिक्षकांसाठी दुसरा टप्पा आणि पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी बारा कोर्सचा तिसरा टप्पा आला. दरम्यान जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं सांगून ठेवलं होतं.

हे ५० तास सगळ्यांना पाठ आहेत. पण धोरणातल्या त्या वाक्याचा शेवट मी फार थोड्या अधिकाऱ्यांच्या तोंडी ऐकला. तिथे लिहिलंय की हे ५० तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीतून, स्वतःच्या विकासासाठी असावेत. वाक्याचा आकडा तालुक्यापर्यंत पोचला, शेवटचे शब्द वाटेत गळाले.

ऑनलाइनच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांत मी नाही. जुनी प्रशिक्षणं मी अंगावर घेतली आहेत, शिक्षक म्हणून आणि सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारा, म्हणूनही. राज्यातून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका, तालुक्यातून केंद्र अशी ती झिरपत यायची. पाटाच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला विचारा, आवर्तनाचं पाणी त्याच्यापर्यंत किती येतं. पुण्यात जे सत्र दिवसभर कृती करून झालं, ते आमच्या केंद्रावर यायचं तेव्हा कुणीतरी घटकसंच, म्हणजे प्रशिक्षणाची पुस्तिका, उघडून वाचून दाखवायचा. सकाळची सही, दुपारची सही, मधे चहा. एखादा सुलभक मनापासून घ्यायचा आणि ते तीन दिवस सोन्याचे व्हायचे, पण तो नशिबाचा भाग होता.

डोंगरातल्या शाळांची अडचण आणखी वेगळी. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक पाच दिवस तालुक्याला गेला की दुसऱ्यावर पहिली ते चौथी चारही वर्ग. त्यात त्यालाच ताप आला तर शाळा कुणी उघडायची? अशा शाळेतल्या बाईंना उत्तम शिक्षक वर्गात शिकवताना व्हिडिओत पाहता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो, ही साधी गोष्ट नव्हे. त्या बाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तालुक्याच्या हॉलमध्ये तीनशे जणांत बसून ‘सर, पुन्हा एकदा दाखवा’ असं म्हणायला त्या उठल्या नसत्या. मी तरी त्यांच्या जागी उठलो नसतो.

तेव्हा माध्यम चांगलं आहे. ते कुठे बिघडतं, हे मी एका शाळाभेटीत पाहिलं. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केलेला. व्हिडिओ चालू, आवाज बंद. समोर गुरुजी शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत तांदळाची शिल्लक जुळवत होते, कारण ती माहिती चार वाजेपर्यंत जायची होती. पडद्यावर कुणीतरी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला शेवटी काय यायला हवं ते, समजावून सांगत होतं. त्यांनी फोन लपवला नाही आणि मीही काही विचारलं नाही. तो व्हिडिओ शेवटपर्यंत ‘पाहिला’ गेला, पुढच्या प्रश्नमंजूषेची उत्तरं यूट्यूबवर होतीच, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा रकाना हिरवा झाला.

अशा वेळी शिक्षकांना कामचुकार ठरवून मोकळं होणं सोपं आहे. ते गुरुजी कामचुकार नव्हते. त्यांच्या वर्गातली पहिलीची मुलं डिसेंबरात वाचू लागायची. एकाच दिवशी त्यांच्याकडून तांदळाचा हिशोब, आधारची दुरुस्ती, यूडायस या सरकारी नोंदणीसाठी शाळेची माहिती आणि प्रशिक्षणाचा घटक मागितला होता. त्यांनी ज्याची तपासणी होणार ते जपून केलं आणि ज्याची फक्त टिकटिक मोजली जाणार ते चालू करून ठेवलं. आपण टिकटिक मोजतो, म्हणून टिकटिक मिळते. ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र आलं की रकाना हिरवा. त्या प्रमाणपत्राच्या पलीकडे वर्गात काय बदललं हे विचारायची सोय यादीत कुठेच नाही, आणि मीही ते कधी विचारलं नाही.

पूर्णतेच्या टक्केवारीबद्दल एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांनी एडएक्स या ऑनलाइन मंचावर चालवलेल्या मोफत कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये ज्यांनी नाव नोंदवलं त्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के होते. जिथे सक्ती नाही तिथे तीन, आणि आमच्या तालुक्यात शंभर. तिकडे तीन टक्क्यांवर लोक डोकं धरून बसले, संशोधन झालं, कोर्सची रचना बदलली. इकडे शंभर टक्क्यांवर अभिनंदनाचं पत्र निघतं आणि विषय संपतो. मला विचाराल तर काळजी शंभरचीच जास्त करायला हवी, कारण तिच्या आड काय दडलंय ते कुणालाच दिसत नाही.

त्यात प्रमाणपत्राला पैशाची गाठ मारलेली. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी मिळवायला प्रशिक्षण आवश्यक. २०२२ मध्ये ते ऑनलाइन झालं तेव्हा प्रत्येक शिक्षकाने त्यासाठी दोन हजार रुपये भरले. ज्याच्यावर पगाराची पायरी अवलंबून आहे, ते प्रशिक्षण माणूस काहीही करून पूर्ण करणारच. त्यात त्याची चूक नाही. पण त्या धडपडीला शिकण्याची हौस म्हणू नये.

आता वेळेचा प्रश्न. माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. हे ५० तास कुणाचे? शासनाने ते दिले, की शिक्षकाच्या घरातून काढून घेतले?

त्या बाईंचाच दिवस सांगतो. शाळा सुटल्यावर त्या दोन किलोमीटर चालत रस्त्यावर येतात, वडाप, म्हणजे प्रवासी जीप, मिळाली तर सव्वासहाला घरी. स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, दहावीतल्या मुलाचं दूध-पाणी. रात्री साडेनऊला भांडी झाली की फोन हातात. तोही मुलाने सोडला तर. त्या वेळी डोळे उघडे ठेवून वजाबाकीचा व्हिडिओ तीनदा पाहणं, याला मी आज तपश्चर्या म्हणतो. तेव्हा मी त्याला दिरंगाई म्हणालो होतो. प्राथमिक शाळांत बायकांची संख्या किती मोठी आहे हे सगळ्यांना दिसतं, तरी प्रशिक्षण ‘कधीही, कुठूनही’ करता येतं असं आपण कौतुकाने सांगतो. ज्या घरात बाईला ‘कधीही’ असा वेळच नसतो, तिथे ते कौतुक कुणाच्या कामाचं?

यावर कायद्यातच वाट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेले आहेत, आणि त्यात पूर्वतयारीचे तासही येतात. म्हणजे फळ्यासमोर उभं राहण्याआधी जे करावं लागतं तेही काम आहे, हे कायद्याने मान्य केलंय. वर्षाचे ५० तास म्हणजे एक आठवडा आणि वर पाच तास. एवढे कामाच्या वेळेत बसवायला आभाळ कोसळत नाही. स्कॉटलंडमध्ये २००१ च्या करारात शिक्षकांचे वर्षाचे ३५ तास व्यावसायिक विकासासाठी नोंदवले गेले. कमी-जास्तीचा वाद बाजूला ठेवू, पण ते तास सेवाशर्तींत कागदावर आले. आपल्याकडे ते गटावरच्या मेसेजमध्ये आहेत.

आणि आपल्याला नवा वेळ शोधायचीही गरज नाही. महिन्याला एकदा केंद्राची शिक्षण परिषद होते. वर्षात दहा धरा, प्रत्येकी पाच तास. झाले ५०. मी वर्षानुवर्षं त्या परिषदा घेतल्या. प्रास्ताविक, स्वागत, मग आलेली पत्रं वाचणं, मग कोणती माहिती कधीपर्यंत द्यायची त्याची जंत्री. शेवटी वेळ उरलाच तर एखादा पाठ. शिक्षकाला शिकण्यासाठी ठेवलेला तो दिवस आम्ही टपाल वाटण्यात घालवला.

एका परिषदेत तसं झालं नाही, ते मला सविस्तर सांगायचंय. फोनवरच्या त्या बोलण्याला दोन महिने झाले असतील. बाईंनी माझ्या सांगण्यावरून प्रशिक्षण दुसऱ्याच दिवशी संपवून टाकलं होतं, पण व्हिडिओत पाहिलेला वजाबाकीच्या काड्यांचा प्रयोग वर्गात करणं सोडलं नव्हतं. मला कुठेतरी टोचत होतं, म्हणून मी त्यांना म्हटलं, तुम्ही वर्गात काय केलंत ते सांगा, हवा तेवढा वेळ घ्या. त्यांनी फळ्यावर उभ्या मांडणीत ४२ वजा १७ लिहिलं आणि खाली उत्तर लिहिलं ३५. विचारलं, “हे कुणाच्या वर्गात येतं?” निम्म्याहून जास्त हात वर.

त्या म्हणाल्या, “मी इतकी वर्षं याला गोल करून चूक द्यायचे. या वेळी पोराला विचारलं, कसं केलंस? तो म्हणाला, दोनातून सात जात नाहीत ना बाई, मग सातातून दोन घालवले.” सगळे थांबले. पोरगं निष्काळजी नव्हतं, त्याने आपल्यापुरता रस्ता काढला होता. मग बाईंनी पिशवीतून खराट्याच्या काड्या काढल्या, दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावलेले आणि दोन सुट्या. “गठ्ठे मी आधीही वापरायचे. पण गठ्ठा मी सोडायचे, पोरं बघायची. त्या व्हिडिओतल्या बाई रबराला हात लावत नाहीत. सात काड्या दे म्हणतात आणि गप्प बसतात. पोराकडे सुट्या दोनच. ते गठ्ठ्याकडे बघतं, त्यांच्याकडे बघतं, आणि शेवटी स्वतः रबर काढतं. हे मला तिसऱ्यांदा बघताना दिसलं.”

एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “असं गठ्ठे सोडत बसलो तर लेखी वजाबाकी कधी यायची?” बाईंनी खरं ते सांगितलं. नऊ दिवस लागले, आणि अजूनही तिघं जण मधूनच ३५ वर जातात. मग काड्यांच्या शेजारीच लिहायचं की आधी काड्या आणि मग लेखी, यावर जोरात बोलणं झालं. कुणी शून्याच्या उदाहरणाचं काढलं, ५० वजा २३ ला काय होतं ते. एक तरुण शिक्षक म्हणाला, माझ्या पोरांचं गठ्ठ्याने बरोबर येतं आणि वहीत चुकतं, मधला पूल कुठला? तासभर गेला. त्या दिवशी दोन माहित्या पाठवायच्या राहिल्या आणि मला वरून फोन आला.

व्हिडिओ पाहिला एकीने, आणि उपयोग झाला अकरा शाळांना. पडद्यावरचं एकट्याने पाहायचं असतं, पण ते वर्गात उतरायला बरोबरीच्या चार माणसांशी भांडावं लागतं. मराठी शिक्षकाला हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांसाठी ‘मराठी शालापत्रक’ निघत असे, आणि कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी ते चालवलं. आज ‘जीवन शिक्षण’ मासिक आहे. खेड्यातल्या शिक्षकाने ते आपल्या सवडीने वाचलं आणि मनात आलं तर त्यात लिहिलंही. ‘तुम्ही सांगता ते माझ्या वर्गात चाललं नाही’ हे कळवायची वाट तिथे आहे. ऑनलाइन कोर्सच्या शेवटी मात्र पाच तारे असतात आणि त्यांतले किती द्यायचे एवढंच विचारलेलं असतं.

लोक म्हणतील, मुदत काढून घेतली तर कुणी करणारच नाही. काही जण करणार नाहीत, हे मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीवरून सांगू शकतो. ते आजही करत नाहीत, फक्त आज त्यांचा रकाना हिरवा दिसतो. जे करतील त्यांची गती मोडून न करणाऱ्यांची प्रमाणपत्रं गोळा करायची, हा सौदा मला महाग वाटतो. आणि न करणाऱ्यांतले कितीतरी जण दर महिन्याला समोर बसून दुसऱ्याच्या वर्गातली गोष्ट ऐकू लागले तर हळूहळू हलतील. त्या ज्येष्ठ गुरुजींनी पुढच्या परिषदेला स्वतःच्या काड्या आणल्या होत्या.

म्हणून माझं मागणं असं आहे. वर्षाचे ५० तास कामाच्या वेळेत धरा आणि शिक्षण परिषदेचा दिवस त्यासाठी मोकळा ठेवा, टपाल मेलवर पाठवा. त्या दिवसाचा निम्मा वेळ ज्याने त्याने निवडलेलं पाहायला-वाचायला, निम्मा त्यावर बोलायला. कोणता कोर्स करायचा हे शिक्षकाला ठरवू द्या. पहिलीच्या बाईंना वाचनाचं हवं असेल आणि सातवीच्या सरांना अपूर्णांकांचं, तर दोघांना एकाच आठवड्यात एकच घटक कशासाठी? कोर्स वर्षभर उघडे ठेवा. लाल-हिरव्या याद्या बंद करा. त्याऐवजी शिक्षकाने महिन्याला एक पान लिहावं: काय पाहिलं, वर्गात काय केलं, कुठे फसलं. हे पानही उद्या रकाना होऊ शकतं, याची मला पुरती जाणीव आहे. म्हणून ते वर मागवायचंच नाही. केंद्रातच राहू द्यायचं, केंद्रप्रमुखाने वाचायचं आणि पुढच्या शाळाभेटीत त्यावर बोलायचं. वेतनश्रेणीसाठी काही तपासायचंच असेल तर शिक्षकाचा एक पाठ बसून पाहा. त्याला माणसं लागतात हे खरं. केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या ठेवून आणि एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार देऊन ते होणार नाही.

गेल्या जूनमध्ये त्या बाईंचा फोन आला. मी आता त्यांचा साहेब नाही, पण अडलं की करतात. पुन्हा तिसरीचा वर्ग आलाय आणि नवी मुलं आहेत. म्हणाल्या, “सर, तो वजाबाकीचा व्हिडिओ परत बघायचा होता. रबर काढायच्या आधी त्या बाई पोराला नेमकं काय विचारतात ते आठवत नाही. पण आता तो कोर्स उघडत नाही, मुदत संपली म्हणतंय. तुमच्याकडे आहे का कुठे?”

माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे त्या महिन्याची यादी होती, चौतीसच्या चौतीस हिरवी.